पद्माक्काचं कॅलेंडर

लोक जुनं कॅलेंडर टाकून देतात, पद्माक्का ते मागून घ्यायची. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती ऑफिसातल्या प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची आणि विचारायची, गेल्या सालचं भिंतीवरून काढलं का? मी पुण्यातली नोकरी सोडून कोल्हापूरला परत आलो आणि राजारामपुरीतल्या त्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झालो, तो असाच जानेवारी होता. माझी खुर्ची अजून ठरली नव्हती आणि ही पंचेचाळिशीची बाई, ड्रेसवर लोकरी स्वेटर, नाकावर घसरलेला चष्मा, माझ्याकडे आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मागत होती. त्याचं काय करणार, असं मी विचारलं.

"वाचणार," ती म्हणाली. "पावणं, तुमच्या घरात सिलिंडर किती दिवस जातो ते मी उद्या सांगतो."

आमच्याकडच्या बायका बोलतात तसं ती 'मी जातो, मी करतो'च बोलायची. आणि पुण्याहून आलेला म्हणून मी जो पहिल्या दिवशी पावणं झालो, तो शेवटपर्यंत पावणंच राहिलो. माझं खरं नाव तिला माहीत होतं की नाही याची मला आजही खात्री नाही.

मी कॅलेंडर नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं सिलिंडरचे दिवस बरोबर सांगितलेच, शिवाय माझ्या आईचा गुडघा कधीपासून दुखतोय आणि आमची धुण्याची बाई दर महिन्यात कुठल्या आठवड्यात दांडी मारते तेही सांगितलं. सगळं आईनं त्या चौकोनांत पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं होतं. मी वर्षभर पुण्याहून येईन तेव्हा त्याच्यासमोर उभा राहून चहा प्यायलो होतो आणि मला एक अक्षर ठाऊक नव्हतं. मला तेव्हा जरा रागच आला. आपल्या घरातलं परक्या माणसानं आपल्याला सांगावं, हे कुणाला आवडतं?

पण तो तिचा अभ्यास होता. वेबसाइटवर तारखेच्या रकान्यावर बोट टेकलं की एक छोटं कॅलेंडर उघडतं, त्याला आमच्या धंद्यात डेट पिकर म्हणतात. जगभर तो तयार मिळतो. आम्ही बाकीचे तो आयता उचलायचो, रंग बदलायचो आणि पुढच्या कामाला लागायचो. अक्काला ते जमायचंच नाही. माणूस तारीख कशी लक्षात ठेवतो हे कळल्याशिवाय त्याच्यापुढे कॅलेंडर ठेवायचं कसं, असा तिचा प्रश्न. "तारीख कुणालाच आठवत न्हाय, दिवस आठवतो," हे तिचं वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की ती तोंड उघडायच्या आत कुणीतरी ते म्हणून टाकायचं.

तिचं स्वतःचं आयुष्यच दोन कॅलेंडरांवर चालायचं. ती जैन, सूर्यास्तानंतर जेवायची नाही. साडेपाच वाजले की मीटिंग चालू असो, ग्राहक समोर बसलेला असो, हिचा डबा उघडणार. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एखादी भाजी. ज्या दिवशी डब्यात हिरवी भाजी नाही त्या दिवशी अष्टमी किंवा चतुर्दशी, हे आमच्या टेस्टिंगच्या पोरींनाही पाठ झालं होतं. माहेर कोल्हापूरकडच्या मलकापूरचं. वडिलांचं बाजारपेठेत दुकान. ती सांगायची की लहानपणी त्यांच्या घरात आठवडा सोमवारी सुरू व्हायचा नाही आणि रविवारीही नाही, तो बाजाराच्या दिवशी सुरू व्हायचा. बाजाराचा आदला दिवस माल भरायचा, नंतरचा दिवस आंघोळीला उशीर चालायचा. शाळेत बाईंनी आठवड्याचा पहिला वार विचारला तेव्हा तिनं बाजाराचा वार सांगितला आणि मार खाल्ला. हे सांगताना ती अजूनही बाईंवर चिडलेली असायची.

एकदा ती दुपारी जेवणानंतर गायब झाली. कंपनीचे मालक शोधायला लागले. मी खाली उतरलो तर ही रिक्षा स्टॉपवर, एका हातात शाईचं पॅड आणि दुसऱ्या हातात कोऱ्या कागदांची वही. रिक्षावाल्यांचे अंगठे उठवून घेत होती! डेट पिकरमधला एक चौकोन किती मोठा हवा ते तिला बघायचं होतं. पण आमच्याकडे अंगठा मागणं म्हणजे गंमत नाही. त्या अंगठ्यांपायी कित्येकांची वडिलोपार्जित जमीन गेलेली आहे. एक वयस्कर रिक्षावाला हात मागे बांधून उभाच राहिला. कशाचा कागद आहे, कोर्टाचा का बँकेचा, असं तो विचारत होता, आणि अक्का त्याला उन्हात उभी राहून समजावत होती की मामा, तुमचं बोट मोठं हाय का माझा चौकोन ल्हान हाय एवढंच बघायचंय. शेवटी तिनं आधी स्वतःचा अंगठा उठवला, खाली सही केली आणि तो कागद त्याला देऊन टाकला. मग त्यानं आपला अंगठा दिला. संध्याकाळी तिनं ते सगळे ठसे आमच्या चौकोनांशेजारी लावून दाखवले. आमचा एक चौकोन रिक्षावाल्याच्या अंगठ्याखाली नखासकट नाहीसा होत होता. म्हणजे तो बिचारा अकरा तारखेवर बोट ठेवणार आणि आम्ही अठरा लिहून घेणार.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आम्हाला एका दूध संघाचं काम मिळालं. काम मोठं आणि साधं. गावोगावच्या बायकांनी मोबाईलवर आपल्या म्हशीची नोंद करायची: म्हैस कधी भरवली, म्हणजे गाभण राहण्यासाठी तिला इंजेक्शन कधी दिलं, ती तारीख. त्यात आमचा प्रोग्रॅम दहा महिने दहा दिवस मिळवणार आणि म्हैस कधी व्यायची ते काढणार. त्या यादीवरून जनावरांच्या डॉक्टरांची फेरी ठरणार. म्हैस व्यायच्या आठवड्यात डॉक्टर त्या भागात असला पाहिजे, एवढाच सगळ्याचा हेतू. हिशेबाचा भाग माझा होता. तारखेचा रकानाही मीच घाईत उरकला, कारण अक्का तेव्हा दुसऱ्या कामात अडकली होती. तयार डेट पिकर उचलून बसवला.

जानेवारीत नोंदी बघितल्या आणि मी हवेत. एकही फॉर्म अर्धवट नाही, एकही तारीख रिकामी नाही! मी मालकांना खुर्चीवरून उठवून आणलं. अक्का माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली, चष्मा वर सरकवून यादी वाचत गेली आणि हसायला लागली. म्हणाली, पावणं, एका गावातल्या समद्या म्हशी एकाच दिवशी भरवल्या? मग मला दिसलं. ज्या दिवशी फॉर्म भरला त्याच दिवसाची तारीख, प्रत्येकीची. माझा डेट पिकर उघडला की आजच्या तारखेवर आधीच निळा ठिपका असायचा आणि खाली 'ठीक आहे' असं बटण. बायका बटण दाबून मोकळ्या झाल्या होत्या. या यादीप्रमाणे डॉक्टर निघाला तर तो पोचेपर्यंत रेडकं चालायला लागलेली असतील, असं अक्का म्हणाली. मग त्यात हसण्यासारखं काही राहिलं नाही.

ती दुसऱ्या दिवशीच निघाली आणि मला ओढत घेऊन गेली, कागलच्या पलीकडे, सीमेवरच्या एका गावात. तिथे आम्हाला बाळव्वा भेटली. साठीची, काटक, दारात एकच म्हैस. मराठी बोलताना मध्येच कानडी यायचं. पहिल्या पाच मिनिटांत तिनं अक्काला तंगी म्हणायला सुरुवात केली, म्हणजे धाकटी बहीण. मागच्या खेपेला तिची म्हैस अडली होती. रेडकाचा पाय मुडपलेला, डॉक्टरला फोन केला तेव्हा तो दुसऱ्या टोकाला, आणि तो येईपर्यंत रेडकू गेलं. म्हैस कशीबशी वाचली. घर त्या एका म्हशीवर. सांगताना बाळव्वा रडली नाही, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"तंगी, ह्या खेपंला डॉक्टर दारात पायजे बग," ती म्हणाली. "दुसरं काय नगं मला."

अक्कानं तिला शब्द दिला. आम्ही सॉफ्टवेअरवाले शब्द बिब्द देत नाही, आम्ही प्रयत्न करू म्हणतो. अक्का म्हणाली, डॉक्टर येणार म्हणजे येणार.

पुढचे दीड महिने आमच्या ऑफिसात जे चाललं होतं ते आठवलं की माझ्या अंगात अजून उत्साह चढतो. अक्का सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा जमिनीवर पसरलेला, त्यातून चालायला वाट नाही. पहिली गोष्ट तिनं केली ती म्हणजे माझा निळा ठिपका पुसला. कॅलेंडर उघडलं की कुठलाच दिवस निवडलेला नाही, आणि एखाद्या दिवसावर बोट ठेवेपर्यंत बटण दाबलंच जाणार नाही. मग चौकोन वाढवले, रिक्षावाल्याच्या अंगठ्याच्या मापाचे. अमावास्येला काळा गोळा, पौर्णिमेला पांढरा. सणांना चित्रं: नागपंचमीला नाग, गौरीला मुखवटा, बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, रंगवलेली शिंगं. आणि मग आठवडा. तयार डेट पिकरमध्ये आठवडा कुठल्या वारानं सुरू करायचा हे लिहायची एक जागा असते. आम्ही तिथे सोमवार लिहायचो किंवा रविवार. अक्कानं तिथे गाव बसवलं. ज्या गावची बाई, त्या गावच्या बाजाराच्या वारापासून तिचा आठवडा सुरू. मी वाद घातला. जगात आठवडा सोमवारी नाहीतर रविवारी सुरू होतो, मी म्हणालो.

"कुणाचा?" तिनं विचारलं.

मालकांना ते सगळं जत्रेतल्या पाटीसारखं दिसत होतं, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. पण संघाच्या सभागृहात अक्कानं ते बायकांपुढे ठेवलं तो दिवस मी विसरणार नाही. तिनं भाषण केलंच नाही. पहिल्या रांगेतल्या बाईच्या हातात मोबाईल दिला आणि विचारलं, म्हस बाजाराच्या आधी भरवली का नंतर? ती बाई म्हणाली, नंतर, दुसऱ्या दिवशी, गौरी जेवल्या त्याच्या आधीचा बाजार. आणि बोट बरोबर जाऊन बसलं! मग मोबाईल अक्काकडे परत आलाच नाही. एकीकडून दुसरीकडे, तिसरीकडे, एकमेकींना दाखवत, भांडत, आठवत. माझं बाळ आजारी होतं त्या अमावास्येला, नाही गं, त्याच्या आदल्या. ऑफिसात ज्या यादीनं माझं नाक कापलं होतं ती दोन आठवड्यांत खरी झाली. बाळव्वानं आमच्यासमोर आपली नोंद स्वतः केली. बेंदराचं चित्र शोधलं, तिथून दोन घरं पुढे गेली आणि म्हणाली, तिसरा दिवस, उरलेली शिळी पोळी खाऊन डॉक्टर गेलता. ऑफिसात परतल्यावर बघितलं तर आमच्या प्रोग्रॅमनं दहा महिने दहा दिवस मिळवून संघाच्या यादीत मेची अखेर लिहिली होती. अक्कानं टाळी वाजवली. मीही वाजवली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, अक्का भिंतीवरच्या कॅलेंडरचं जूनचं पान उघडून आपल्या रजेवर खूण करत होती. हात तसाच वर राहिला. मी माझ्या टेबलावरून बघत होतो. मला वाटलं चक्कर आली.

"पावणं," ती म्हणाली, "बाळव्वाचं बेंदूर ज्येष्ठातलं."

मी सीमेवरचा नाही, मला क्षणभर कळेना. तिनं पानावर बोट ठेवलं. ज्येष्ठ पौर्णिमेच्या चौकोनात छापलेलं होतं, कर्नाटकी बेंदूर. अक्काच्या मलकापूरकडे, आमच्या कोल्हापुरात, बैल रंगवायचे ते आषाढात. सीमेवरच्या गावांत तोच सण महिनाभर आधी, ज्येष्ठात होतो. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. अक्कानं ते जन्मभर छापलेलं बघितलं होतं. पण डेट पिकरमध्ये बेंदराची शिंगं चिकटवताना तिच्या डोळ्यांपुढे आपल्या बापाच्या दुकानापुढून गेलेले बैल आले, आणि तिनं सगळ्या गावांना आपलंच बेंदूर देऊन टाकलं. प्रत्येक गावाला त्याचा बाजार देणाऱ्या बाईनं! म्हणजे बाळव्वाची म्हैस मेअखेर व्यायची नव्हती. तिचे दिवस याच आठवड्यात भरत होते, आणि डॉक्टरच्या यादीत तिचं नाव एक महिना पुढे होतं.

बाळव्वाला आपले दिवस चोख माहीत होते. म्हणूनच तर ती निवांत होती. मोबाईलला सांगून ठेवलंय, तंगीनं शब्द दिलाय, डॉक्टर येईल; मग फोन कशाला करायचा? अक्कानं फोन लावला तेव्हा सुनेनं उचलला आणि सांगितलं की म्हस सकाळपास्नं उठती-बसती, अत्ती वाट बघत्यात डॉक्टरची, कुठवर आलाय? अत्ती म्हणजे सासू. अक्कानं आलाच म्हणून सांगितलं आणि डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर दुसऱ्या गावात होता, म्हणाला यादीत तर मेअखेर आहे, आज मला इथल्या फेऱ्या आहेत. संघाची यादी, संघाचा नियम. आमच्यापैकी कुणीही अशा वेळी चुकीसाठी सर्व्हरचं नाव घेतलं असतं. मी तर घेतलंच असतं.

"यादी चुकलीय, डॉक्टर," अक्का म्हणाली. "मी चुकवलीय. आज जावा."

तिनं टेस्टिंगच्या पोरींना सीमेवरच्या सगळ्या गावांतली नावं काढून एकेकीला फोन करायला बसवलं, आणि माझ्या मोटरसायकलवर मागे बसली. ऊन रणरणत होतं, ट्रक अंगावरून जात होते, आणि तिची मूठ माझ्या शर्टाला इतकी घट्ट होती की एक बटण तुटलं. कागल सोडल्यावर एकदाच म्हणाली, मी तिला शब्द दिलता. मी गाडी आणखी पळवली. मला कधी नव्हे इतकी भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर इतकं जिवंतही वाटत होतं. पुण्यात नऊ वर्षं कोड लिहिला, पण माझ्या एखाद्या चौकोनापायी कुणाच्या गोठ्यात काय होतंय, हे बघायला मी कधी गेलो नव्हतो.

दारात डॉक्टरची गाडी होती. गोठ्यात तो उघडा होऊन, खांद्यापर्यंत हात आत घालून आडवा पडलेला. या खेपेलाही पाय मुडपलेलाच होता. बाळव्वा म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या कानात कानडीत काहीतरी बोलत होती. अक्का दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मग डॉक्टर म्हणाला, आला पाय, आणि आम्ही दोघं रेडकाच्या पायाला बांधलेली दोरी धरून त्याच्या मागे ओढायला लागलो, आणि एकदम सगळं बाहेर. ओलं, काळं, न हलणारं. डॉक्टरनं नाकातला चिकटा काढला, छाती चोळली, पाय धरून हलवलं. ते शिंकलं! रेडी होती. सून ओरडत रस्त्यापर्यंत गेली, सगळ्या गल्लीला सांगत, रेडी, रेडी. आम्ही सगळे वेड्यासारखे हसत होतो. डॉक्टर सुद्धा, आणि त्याच्या अंगावर तर स्वच्छ काही उरलं नव्हतं.

पुढे जूनमध्ये अक्कानं आमची कंपनी सोडली. संघालाच ती म्हणाली की प्रत्येक गावाचे सण, बाजार, जत्रा गावात बसून लिहून घ्यायला मला ठेवा, आणि त्यांनी ठेवलं. सुरुवात गगनबावड्याकडून केली, ऐन पावसाळ्यात. आमचं आता अधूनमधून फोनवरच बोलणं होतं. पण मला ती दिसते ती त्या गोठ्यातली.

हसणं ओसरल्यावर ती पुढे झाली आणि डॉक्टरसमोर, सुनेसमोर, दारात जमलेल्या बायकांसमोर म्हणाली, "बाळव्वा, तारीख मी चुकवलीती. डॉक्टर महिन्यानं येणार हुता."

बाळव्वानं तिच्याकडे नीट बघितलं. आपण काय ऐकतोय ते तिला कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. म्हशीच्या मानेवरचा हात तसाच राहिला. अक्का मान खाली घालून उभी होती, आणि मला वाटलं आता ही बाई जे काय बोलेल ते अक्काला जन्मभर पुरेल.

"तुजी चुकली," बाळव्वा म्हणाली. "म्हशीची न्हाय चुकली. आता आलीयास तर धर हिला. आचळाला लाव."

अक्का आहे त्या ड्रेसवर शेणात बसली. रेडीच्या पोटाखाली दोन्ही हात घातले. ती दोन पायांवर यायची, घसरायची, पुन्हा अक्काच्या मांडीवर पडायची. अक्काचा मोबाईल वाजत होता, ऑफिसचा असणार. तिनं लक्ष दिलं नाही. चष्मा पार नाकाच्या टोकावर आला होता आणि तो वर सरकवायला हात मोकळा नव्हता. मला म्हणाली, पावणं, तुमी निघा, ऑफिसात सांगा, मी ही उभी राह्यल्याबिगर येत न्हाय.

मी निघालो. गाडी सुरू केली, पण फाटकातच थांबून राहिलो. चौथ्या खेपेला रेडी उभी राहिली.